बारा व्होल्ट

शिंगाळ्याचा काटा शेवंतीकाकीच्या तळहातात घुसला
त्या पहाटे मोबाइलचा टॉर्च माझ्या दातांत होता.
"जपून" म्हणायला मी तोंड उघडलं
आणि हौद्यात काळोख पडला.

काकी ओरडली नाही.
उरलेले सात क्रेट तिनं एका हातानं भरले,
दुसरा हात पदरात धरून.
मग म्हणाली, "गाडयेक एक दिवो लाय रे मेल्या."

कणकवलीत पट्टी मिळाली, पाच मीटर,
सिलिकॉनचं कातडं पांघरलेली.
दुकानदार म्हणाला, पाण्यात बुडवा, काही होत नाही.
मी विचारलं, खाऱ्या पाण्यात?
तो बिल लिहायला लागला.

मी घरी पोचायच्या आत तळाशीलभर झालं,
सावळारामाच्या पोरानं एलईडी आणली.
आमच्याकडे हा शब्द साधा नाही.
रात्री दर्यात लांबवर जे गाव पेटलेलं दिसतं
ते गाव नसतं.
त्या उजेडाला भुलून मासळी तिकडं जाते
आणि सकाळी रापणीचा दोर
चाळीस माणसांच्या हातांना हलका लागतो.
मालवणच्या मोर्च्यात 'एलईडी बंद करा' हा फलक
मीच रंगवला होता.
'ई' वाकडी आली होती.

धाकू तांडेल वाटेत आडवा उभा.
"तू पण?"
मी पिशवी उघडली.
त्यानं पट्टी दोन बोटांत धरली, मण्यार धरावी तशी,
दिवे मोजायला लागला, चाळीसवर कंटाळला.
"ह्या उजेडान मासो येता?"
"मेलेलो मासो खंय येतलो, तांडेल?"
हसला नाही.
पण वाट सोडली.

बस्त्याव मिसाहून आला तो थेट गाडीखाली शिरला.
तासाभरानं आतून आवाज,
"हिका अर्थच गावना नाय."
मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतोय.
चेसिस घासत होता तो :
गंज, गंजाखाली रंग, रंगाखाली पुन्हा गंज,
मग कुठं नखाएवढं लोखंड,
पापलेटाच्या पोटासारखं.
तिथं बोल्ट कसला, वर ग्रीस फासलं.
पाचाचा फ्यूज. केबिनच्या भोकाला
जुन्या चपलेच्या रबराचं बूच.
पट्टी कठड्याच्या खालून, आत वळवून,
"डोळ्यांत नको, माशार पडाक व्हयो."

रात्री बटण दाबलं
आणि मला माझीच गाडी ओळखू येईना.
फळ्यांच्या फटींत तीन पावसाळ्यांचे खवले.
म्हाकुळाच्या शाईचा डाग, कुणीतरी हात पुसावा तसा.
अर्धं हिरवं काकण.
कोपऱ्यात रुपयाएवढं भोक,
ज्यातून बर्फाचं पाणी सांडत
मी कोल्हापूरपर्यंत जात होतो.

आणि क्रेट.
वरच्या थरातले बांगडे काळ्याभोर डोळ्यांचे.
खालच्यांचे डोळे पांढरे, बसलेले, परवाचे.
काकीचा हात मधल्या हवेत थांबला,
हळद लावलेला, चिंधी बांधलेला हात.
तिनं पाहिलं की मी पाहिलं.

कोल्हापूरचा शेट दर खेपेला म्हणायचा,
वरचा माल झकास, तळाचा नरम.
तीन वर्षं मी करूळ घाटाला शिव्या घातल्या.
त्या वळणांना, त्या खड्ड्यांना, बर्फवाल्या दिनूला.

काकी खूप वेळ काही बोलली नाही.
मग पट्टीकडं बघत,
"ह्यो जरा बारीक करूक येता काय रे?"
"नाय गो. बस्त्यावान तसला बटण लावलाच नाय."

तिनं तो क्रेट उचलला,
वाळूत नेऊन ठेवला.
दुसरा आणायला गेली.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही,
तिच्या घरी गेल्या आषाढात काय विकलं गेलं
ते आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.
दोन क्रेट कमी घेऊन निघालो.

घाटात मागच्या ट्रकनं डिपर दिला,
पुन्हा दिला, मग हॉर्न.
आरशात पाहिलं तर
हौद्यातला दिवा बंद करायचा राहिलेला.
पापणी नसलेले सगळे बांगडे
लख्ख उजेडात, उघड्या डोळ्यांनी,
माझ्या पाठोपाठ गगनबावडा चढत होते.