मोजावेच

बिश्केकमध्ये तिसऱ्या मजल्यावर आम्ही अकरा जण
एका क्रियापदासाठी दुपारभर भांडलो:
बाळंतिणीचे गेलेले रक्त मोजावे, की मोजावेच.
संध्याकाळी तो ‘च’ टिकला.
पान चार छापायला गेले,
आणि ते घेऊन मी निघाले.

ओशच्या मोठ्या इस्पितळात त्याला चौकट मिळाली, काच मिळाली,
खाली जिरेनियमची कुंडीसुद्धा.
मोजपिशव्या कपाटात, कपाटाला कुलूप,
किल्ली मेट्रनकडे, मेट्रन रजेवर.
नोंदवहीत मात्र प्रत्येकीचे नेमके अडीचशे.
सगळ्या बायकांचे रक्त इतके एकमताने कसे जाते,
मी विचारले नाही.
माझ्याही जुन्या वह्यांत तेच अडीचशे आहेत.

तलासला डॉक्टर मेदेरबेक म्हणाले,
सत्तावीस वर्षं डोळ्यांनी मोजतोय.
त्यांनी आकडा सांगितला. आम्ही चादर तोलली.
काटा दुपटीवर थांबला.
त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, पुन्हा तोला.
पुन्हा तोलली.
मग ते बराच वेळ खिडकीपाशी उभे राहिले,
कुणाची तरी आठवण काढत असावेत. नाव घेतले नाही.

आत-बाशीचा घाट दोन दिवस बंद होता.
पान माझ्या आधी पोचले होते,
कुणाच्या तरी फोनवरून, कडेला कापलेले;
त्यात ‘मोजा’ एवढेच उरले होते.
झूराकान सुईणीकडे पिशवी नाही, तराजू बटाट्यांचा.
तिच्याकडे एक पांढरे तसराळे,
आत हिरव्या नेलपॉलिशच्या दोन रेघा,
अर्ध्या लिटरच्या बाटलीने पाणी ओतून आखलेल्या.
लाल का नाही, मी विचारले.
तिने माझ्याकडे असे पाहिले
की उत्तराची गरज उरली नाही.

“खालच्या रेघेला मी हाक मारते,” ती म्हणाली,
“वरच्या रेघेला कुणाची वाट पाहत नाही.”

पहाटे चारला तिने हाक मारली.
मी अनवाणीच धावले.
पान चारवर काय लिहिलेय ते मला आठवेना,
आणि झूराकानचे हात तेच करत होते,
त्याच क्रमाने,
मधेच शिव्या देत, मधेच त्या पोरीचे केस मागे सारत.

वरची रेघ कोरडी राहिली.

सकाळी माझ्या तक्त्यात रकाने होते: पिशव्या, प्रशिक्षण, टक्के.
तसराळ्याला रकाना नव्हता.
तिने ते धुऊन उन्हात उपडे घातले.
रेघा झिजत आल्यात.
पुढच्या गाडीने बाटली पाठवायची, हिरवी,
मी तळहातावर लिहून घेतले.