एका पाण्यात

रविवारचा सामना संपला की गाठोडं
माझ्या पायरीवर येऊन पडायचं.
एकोणीस वर्षं.
बेसबॉल मी कधी पाहिला नाही.
आमच्या लोकांना उजव्या कुंपणाशी फळ्या होत्या, बिनछपराच्या,
तिकिटाचे पैसे मात्र छपरासकट.
पण मला पाहायची गरजच काय?
मी कपडे वाचायचे.
मांडीला तांबडी माती, म्हणजे घसरत जाऊन चोरलेला बेस.
कोपराशी हिरवं, म्हणजे पडता पडता धरलेला झेल.
आणि कॉलरलासुद्धा घाम नाही,
म्हणजे हॅकाबीचा डेल आजही बाकावरच बसला.

मग त्या एप्रिलात क्लीओफस टार्व्हर आला.
सवानाच्या गोदीतला, उंच,
कुठलीच पँट त्याला पुरायची नाही.
त्या सोमवारी गाठोड्याबरोबर मॅनेजर स्वतः आले,
डोक्यावरची टोपी डोक्यावरच ठेवून म्हणाले,
आर्डेलिया, सत्तावीस नंबरचं वेगळ्या पिंपात धू.
पोरांना काही वाटायला नको.

मी माझ्या हातांकडे पाहिलं.
त्यांनी नाही पाहिलं.
याच हातांनी त्यांच्या पोरांच्या काखा चोळल्या, बुडं घासली,
बटण लावून धागा दातांनी तोडला.
तेव्हा पाणी बाटलं नव्हतं.
मी म्हटलं, बरं साहेब.
दुसरं पिंप माझ्याकडे नव्हतंच.

त्याचे कपडे वाचायला मला वेळ लागला.
गुडघ्याखाली तीन फाटी, शेजारी शेजारी, आत वाळलेलं रक्त.
बुटांचे खिळे. एकदा झालं तर अपघात म्हणावं.
मी रफू केलं. पुढच्या रविवारी
रफूच्याच शेजारी पुन्हा तीन.

आणि पाठीवर तंबाखू.
प्रेक्षकांची पिंक वरून येते, खांद्यावरून ओघळते.
ही सरळ आलेली, पाठीच्या मधोमध,
बसल्या जागेवरून.
आपल्याच बाकावरून.
गाठोडं उपसलं तर नऊ नंबरच्या उजव्या बाहीला
तोच तपकिरी रंग, तोंड पुसलेला.
लॅम्बर्ट डीकनचा धाकटा.
घराणं कसं, धुतल्या तांदळासारखं.
मी कुणाला काही बोलले नाही.
त्याच्या आतल्या चड्डीला फक्त
उन्हाळाभर तिप्पट खळ केली.

जुलैत एका सोमवारी चौदा नंबर हातात आला.
वोयचिक, खाणीच्या मुलखातून आलेलं लुकडं पोर,
सदऱ्याला नेहमी कोबीचा वास.
डाव्या खांद्यावर पिंक.
म्हटलं, चुकून उडाली असेल.
पुढच्या आठवड्यात पुन्हा. त्याच्या पुढच्याही.
सत्तावीसची पाठ मात्र
तीन आठवडे कोरी.

मी न भिजवलेल्या कपड्यांवरच बसले जरा.
पोरगं मधे बसायला लागलं होतं.
ते एकमेकांशी बोलायचे का, ठाऊक नाही.
कपड्यांना तेवढं कळत नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या गाठोड्यात सव्वीस होते.
मी दोनदा मोजले.
नंतर एकदा, उगीच, तिसऱ्यांदा.
वर गेला की घरी गेला
की कुणी रात्रीच बसमध्ये बसवून दिला,
विचारायचं कुणाला?
मी धुणारी बाई.

पुढच्या वसंतात सत्तावीस नंबर
एका पिवळ्या केसांच्या ठेंगण्या पोराला दिला.
पँट त्याला वीतभर लांब.
गुडघ्याखालचं माझं रफू
पार कडेशी उतरलेलं.
मॅनेजर म्हणाले, मुडपून दे, आणि ते शिवण
आत जाईल असं बघ.

मी मुडपली.
अर्धं बोट कमी मुडपली.