शून्य सरकतं

लक्ष्मीपुरीत आमचं दुकान, काटे दुरुस्तीचं.
वडिलांच्या हाताखाली पितळी पारडी असायची,
माझ्याकडे मार्केट यार्डातले इलेक्ट्रॉनिक काटे येतात,
गुळाचे रवे झेलून झेलून दमलेले.
धातूही दमतो. दिवसभर भार सोसला की
रिकाम्या पाटावर चाळीस ग्रॅम दाखवतो.
आम्ही म्हणतो, शून्य सरकलं.

सकाळी सातला मी एका पायावर उभा राहतो.
फिजिओवाल्या मृण्मयी मॅडमनी वही घालून दिलीय.
डावा पाय: एकोणीस सेकंद. उजवा: चोवीस.
मग दाढी, चहा, पोटमाळ्यावरून एक स्प्रिंग काढणं,
दोन गिऱ्हाईकं,
आणि साडेतीनला, त्याच फरशीवर, त्याच भिंतीशेजारी,
डावा पाय: तीन.
मोडलेलं काही नसतं.
फक्त दिवस वापरून झालेला असतो.

मेहुणा म्हणतो, झोप नीट काढत जा.
त्याला वाटतं थकवा म्हणजे झोपेची उधारी.
मी त्याला एमआरआयतले सात पांढरे ठिपके दाखवले.
म्हटलं, वायर इथं इथं सोललीय बघ,
पहाटे करंट जातो, उन्हं चढली की गळतो.
पाय कुठं पडला हे पायाला उशिरा कळतं,
मला त्याहून उशिरा.
तो म्हणाला, पण दिसतोस तर बरा.

मे महिना. संध्याकाळी पाचला गंगावेशीत
दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या,
आणि त्यांच्यामधून मी, झोकांड्या खात.
"पाव्हण्यानं आज लै लवकर सुरू केलीया!"
सगळे हसले. मीही हसलो,
कारण समजावून सांगायला
उभं राहावं लागलं असतं.
एका म्हशीच्या पाठीवर हात टेकला.
ती हलली नाही.
अजून तिचं देणं आहे माझ्याकडे.

हर्षला माझ्या पावलांवरून वेळ ओळखते.
टाच घासली तर चार.
चप्पल मागंच राहिली तर सहा वाजून गेलेत, भात टाकायचा.
आता मागून पट्टा असलेली सँडल आणलीय तिनं.
कापशी चपलेचा तो कर्रकर्र आवाज गेला घरातून,
तेवढं एक मनाला लागलं.

काट्याचा इलाज मला ठाऊक आहे:
भार उतरवा, बटण बंद करा, थंड होऊ द्या.
इर्शाद अर्धं शटर ओढतो, न सांगता.
गल्ल्यामागं खोक्याचा पुठ्ठा, मानेवर ओला पंचा,
वीस मिनिटं.
उठून गल्ल्याला एक बोट लावून उभा राहतो.
डावा पाय: सहा.
लिहून ठेवतो, बोट लावलं होतं हेही.

शटरखालून वाकून गुळाचे व्यापारी विचारतात,
"काटा बरोबर हाय न्हवं, मिरजे?"

आत्ता आहे, म्हणतो मी.