सातेरीकाकांचं नाणं

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
सातेरीकाका फक्त ठोकून बघायचे.
पंपाचं कवच असो की गिअरचं घर,
हातोडीची एक टिचकी, कान पुढं,
मग खडूनं फुली, किंवा काहीच नाही.
काहीच नाही म्हणजे पास.

त्यातच डावा कान गेला.
उजवा घेऊन ते माझ्याबरोबर आले
येळ्ळूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर.
खिशात जुना, जाड एक रुपया,
पिशवीत ओळंबा, नातवाची गोटी, खडू.

मी वडगावच्या पॉवरलूम सोसायटीत हिशेब लिहिते.
साडीत एक धागा चुकला तर मला दारातनं दिसतो.
भिंतीतलं काय कळणार?
भिंत म्हणजे माझ्यासाठी रंग.
पर्समध्ये ॲडव्हान्सचा चेक होता, तारीख न घातलेला.

सुपरवायझर बसलिंगनं खिडकी उघडली,
"राजहंसगड दिसतो बघा म्याडम, झोपल्या झोपल्या."
काका गडाकडं पाठ करून खाली बसले
आणि फरशीवर गोटी सोडली.
गोटी जरा विचारात पडली.
न्हाणीघराकडं जायची ती
निघाली हॉलच्या मधोमध.

"पाणीबी हिच्याच मागनं जाणार."
बसलिंग हसला, "एन आगंगिल्री काका."
काही होत नाही.
हे वाक्य आमच्याकडं दोन्ही भाषांत पाठ आहे.

टक. टक. टक. टप्प.
"आयकलीस?"
मला काहीच ऐकू आलं नव्हतं.
परत टक. परत टप्प.
आणि मग एकदम कळलं,
फळीवरच्या भरल्या डब्यांत
एक रिकामा डबा हाताला लागावा तसं.
त्यानंतर मला सगळीकडं तेच ऐकू यायला लागलं.

सात फरश्यांवर फुल्या.
दाराची चौकट दीड सूत बाहेर.
बाल्कनीचा उतार घराकडं.
पण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात
काकांनी ओळंबा सोडला
आणि बराच वेळ वर घेतलाच नाही.
"गवंडी कोण हुता?"
"बदामीकडचा कोण तर. गेला सोडून."
"जाणारच," काका म्हणाले,
आणि दोरी गुंडाळत राहिले.

बसलिंग फोन घ्यायला बाहेर गेला तेव्हा
जिन्यातनं निंगव्वा वर आली, वॉचमनची बायको,
हातात कळशी, आवाज अर्धा.
आतल्या खोलीकडं बोट केलं,
"खिडकीखाली. नीर बरतैत्री."
गेल्या पावसाळ्यात ती माणसं तिथंच झोपायची.
तीनदा अंथरूण सरकवलं, तिनं बोटांवर मोजून सांगितलं,
चौथ्यांदा सरकवायला जागा नव्हती.
इथली प्रत्येक खोली तिला माहीत आहे,
कुठली रात्री गार पडते, कुठल्या भिंतीला पाठ टेकवत नाही.
एकेक खोली तयार झाली, रंग लागला,
की ती पुढच्या खोलीत.
आता खोल्या संपल्या. आता पार्किंग.
"माझं नाव हेळब्याड्री," एवढं म्हणाली.
नाव सांगू नका.

आम्ही आत गेलो. बसलिंगही आला.
खिडकीखाली भिंत गुळगुळीत, दुधासारखी.
काकांनी रुपया काढला.
नाणं वाजलं. खणखणीत वाजलं.
तासाभरात मीसुद्धा शिकले होते,
तिथं पोकळ काहीच नव्हतं.
काकांनी उजवा कान भिंतीला लावला,
डोळे मिटले,
आणि म्हणाले,
"पोकळ."

खडूची फुली, आजवरची सगळ्यात मोठी.
बसलिंगनं बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं,
"आवाज तर बरोबर येऊलालाय की हो?"
काकांनी डावा कान त्याच्याकडं केला.
"काय म्हणतोस?"
"बरोबर आहे म्हणतोय!"
"फोडून बघ," काका म्हणाले. "मग बोलू."

सोमवारी फोडायचं ठरलं.
चेक अजून पर्समध्येच आहे.
गेटपर्यंत काका बोलले नाहीत,
खडू लागलेली बोटं पँटीला पुसत राहिले,
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
चांगल्या आवाजावर फुली मारलेला माणूस.
निंगव्वा कुंपणावर गोधडी वाळत घालत होती.
तिनं आमच्याकडं बघितलं नाही.
आम्हीही नाही.