गेला

तेलावीत मी ज्या घरात भाड्यानं राहिले
तिथं बापाला मामा म्हणतात.
आईला देदा.
वहीत दोनदा अधोरेखित करूनही जिभेला पटेना.
माझा मामा आईच्या माहेरचा, फार तर चंद्रावरचा.
आणि या घरातल्या बापाचं नाव गेला.
खरंच, गेला. तिकडं असतं असं नाव.
दारूचे खोके घेऊन तो ट्रकनं अल्माटीला निघाला
तेव्हा इया दहा महिन्यांची होती.

तिला पहिला शब्द फुटला तो मामा.
रात्री जागायचं, पाजायचं, लंगोट धुवायचे मारेखीनं,
आणि शब्द जो घरात नाही त्याला.
"ओठ मिटून उघडले की होतो तो," मी म्हटलं,
"त्यात बापाची कसली कर्तबगारी?"
ती हसली. फोनवर नवऱ्याला ऐकवलं.
पलीकडं इंजिन. मग बराच वेळ नुसतंच इंजिन.

मग दिवा मामा झाला,
शेजारच्या जेमालची गाय मामा,
कढईत तेल तडतडलं की तेही.
हिवाळाभर जग एका शब्दात मावत होतं.

पाण्याला त्यांच्यात त्स्काली.
माझे दात आणि घसा त्यावरून भांडत बसायचे.
इयानं वरचं टरफल काढून टाकलं, म्हणाली काली.
काली म्हणजे बाई.
बाई मागितली की पाणी यायचं,
खरं तर दोन्ही यायचं,
म्हणून कुणी दुरुस्तही केलं नाही.

मी तेहतीस अक्षरं गिरवली,
क्रियापदांचे तक्ते भिंतीला चिकटवले.
ती टेबलाखाली बसून
मोठ्यांच्या बोलण्याचा चुरा टिपत राहिली
आणि मार्चमध्ये माझा उच्चार ऐकून फस्सकन हसली.

एप्रिलात दार वाजलं.
उंबऱ्यात दाढी, डिझेलचा वास.
"मामा!" मारेखीनं बोट दाखवलं.
इयानं टेबलावरच्या फोनकडं बघितलं.
तिचा मामा तिथं होता, काचेचा, तळहाताएवढा.

त्यानं बूटही काढले नाहीत.
उभ्या उभ्याच खिशातून फोन काढून घरचा नंबर लावला.
टेबलावर मामा वाजला.
मारेखीनं तो तिच्या कानाला धरला.
एकच आवाज, दोन ठिकाणांहून.
ती एकदा काचेकडं, एकदा दाढीकडं.
मग तिनं शब्द फोनवरून उचलला
आणि ओलाच, हळूच, त्याच्या हनुवटीवर ठेवला.

रात्री वहीत लिहिलं: गेला आला.
खालच्या खोलीत ती ओरडत होती, काली, काली,
आणि दोघंही उठल्याचं ऐकू आलं.