चार एमएम

घणसोलीत, नाल्याच्या अलीकडे माझं काचेचं दुकान.
दोन काचांमध्ये आम्ही रद्दी घालतो,
म्हणजे काच काचेला घासत नाही.
परवा एका काचेआडून मथळा दिसला,
‘संतप्त तरुणांचा उद्रेक’,
आणि तिच्या मागच्या काचेतून, दुसऱ्या पेपरातला,
‘गुंडांचा धुडगूस’.
फोटो एकच. तोच लाल टी-शर्ट, तोच उगारलेला हात,
फक्त एकानं हातातला दगड कापला होता
आणि दुसऱ्यानं मागे उभे असलेले पोलीस.

लीलाधर रोज दहाला येतो.
चहा माझा, पेपर त्याचा.
म्हणाला, दगड आधी कुणी उचलला ते हे लिहीतच नाहीत.
शार्दूल, माझा मुलगा, पट्टीवरून मान न उचलता म्हणाला,
काका, मागच्या महिन्यात कोपरखैरण्यात झालं
तेव्हा तुमची जीभ कुठे गहाण होती?
आणि त्याच्या आधी तुर्भ्याला?
आणि त्याच्याही आधी?
असे दोघं मागे मागे जात राहिले,
सिडकोच्या आधी, भराव पडायच्या आधी,
कुणी थांबवलं नसतं तर मिठागरात उतरले असते,
गुडघाभर,
पहिला दगड शोधत.

मीही बोललो. खूप बोललो.
सगळे विकले गेलेत म्हटलं,
एकेकाचा भावही सांगितला, जणू माझ्याच वहीत लिहिलाय.
टेबलावर हात आपटला तेव्हा शार्दूल ओरडला,
पप्पा, काच आहे!

बरं वाटत होतं ओरडताना.
हे कुणाला तरी सांगायला हवं.

कारण त्या ऑफिसात निवास होता.
तो कुणाच्याच बाजूचा नव्हता.
सकाळी साडेसातला कुलूप उघडायचा, खुर्च्या पुसायचा,
फोटोवरचा हार बदलायचा,
महिना नऊ हजार.
एका पेपरात तो ‘एक कर्मचारी किरकोळ जखमी’,
दुसऱ्यात ‘झुंजार कार्यकर्ता’,
आणि एका चॅनेलवर तासभर
‘निवास’चा ‘नवाझ’ झाला.
त्या तासात नाक्यावर दोन रिक्षा जळाल्या.
मग दुरुस्ती आली, पडद्याच्या तळाशी,
सोन्याच्या भावाच्या मागोमाग
पळत पळत निघून गेली.

डावा डोळा.
डॉक्टर म्हणे, उजव्याला सवय होईल.

ती काच मी बसवली होती, दिवाळीच्या आधी.
टफन घ्या, असं एकदा म्हटलं होतं. एकदाच.
ती फुटली तर दाणे होतात तिचे,
खडीसाखरेसारखे, ओंजळीत धरता येतात.
त्यांनी भाव विचारला. मी सांगितला.
ते म्हणाले, साधी लाव, चार एमएम.
मी म्हटलं, चालेल.

साधी फुटते तेव्हा तिच्या सुऱ्या होतात.

दगड निवासला लागलाच नाही.
तो कपाटाखाली सापडला,
पंचनाम्यात त्याचं वजन आहे, साडेतीनशे ग्रॅम.
काचेबद्दल फक्त ‘तावदान एक, फुटलेले’.
आणि ते ‘चालेल’
कुठल्याच पेपरात आलं नाही,
डाव्या नाही, उजव्या नाही,
रोज चाळून पाहतो.

काल फोन आला, त्याच मापाची काच हवी.
संध्याकाळी समोरच्या पक्षाचाही आला,
त्यांची अजून फुटलेली नव्हती,
पण आता आपली पाळी, असं त्यांना वाटत होतं.
दोघांनीही एकच विचारलं, साधी कितीला?

मी म्हटलं, साधी संपलीय.

शार्दूलनं मागच्या स्टँडकडे पाहिलं.
काठोकाठ भरलेलं स्टँड,
काच, पेपर, काच, पेपर.
टफनमध्ये मला सुटतंही जास्त, ते त्याला ठाऊक आहे,
आणि मी कशासाठी खोटं बोललो
ते मलाही नीट ठाऊक नाही.

लीलाधर कपात बिस्कीट बुडवत म्हणाला,
धंदा बाकी तुझाच बरा रे,
कुणीही फोडो.

बिस्कीट तुटून चहात पडलं.
तो बोटानं काढायला गेला, आणि मला,
काय सांगू,
पुन्हा वाद घालावासा वाटला.