निव्वळ वजन

बेनोडा फाट्यावरच्या धर्मकाट्याची खिडकी माझी.
गाडी येताना रिकामी तोलायची, जाताना भरलेली,
भरलेल्यातून रिकामी वजा केली की उरतं ते निव्वळ.
एवढंच गणित येतं मला. त्यावर पगार आहे.

मागच्या आंबियाला एका रात्रीत चाळीस गाड्या.
पावतीपुस्तकं पुरली नाहीत, शाळेच्या वह्या फाडल्या.
शब्बीर शेठनं मेण लावायचं दुसरं मशीन आणलं,
पट्ट्यावरून संत्री अशी चकाकत आली
की कौसल्या धुर्वे म्हणाली,
"पोरीच्या हयदीतबी एवढं तेज नोतं जी."
तणसालासुद्धा भाव आला.
टपरीवाला दिनबा ड्रायव्हरांसाठी बंगाली शिकला,
कप पुढे करत विचारायचा, केमन आछो.
पेपरात आलं, निर्यात वाढली, इतके टक्के.
टक्का तोलायचा काटा नाही आमच्याकडे.

सगळ्या गाड्यांचं तोंड मात्र एकाच दिशेला.
खिडकीतून रोज दिसायचं,
आणि रोज दिसतं ते कोण लिहून ठेवतो.

मग सीमेपलीकडे कुणीतरी
जकातीचा एक आकडा खोडून दुसरा लिहिला.
इथवर त्याचा आवाज आला नाही.
आली ती सुकुमार मंडलची बारा चाकी,
मंगळवारी रात्री अडीचला, उलट्या बाजूनं,
भरलेली.

चौदा दिवस रांगेत उभी होती. कोलकात्यात कुणी हात लावला नाही.
शेठ फोनवर म्हणाला, घेऊन ये, निदान क्रेट तरी वाचतील.

गेली तेव्हा माल एकोणीस हजार सहाशे चाळीस.
आली तेव्हा अठरा हजार सातशे दहा.
ताडपत्रीच्या गाठी मी बांधल्या होत्या तशाच.
"नऊशे तीस किलो कुठं गेला?"
सुकुमारनं नुसतं खाली बोट केलं.
काट्याच्या लोखंडावर गोड, आंबूस थेंब पडत होते,
मुंग्या आधीच पोचलेल्या.

कौसल्या रात्रपाळीहून निघाली होती, थांबली.
"पानीच होतं ना ते," म्हणाली,
"नऊशे फुटावरून उपसलेलं.
आपून पानीच तं इकतो बाप्पा,
वरून साल घालून."
आता त्याच बोअरमधून धूळ येते.
गावात टँकर येतो याच रस्त्यानं,
त्याला कुणी काट्यावर चढवत नाही.

सकाळी दिनबाच्या रेडिओवर कुणी सांगत होतं,
देशाची गाडी रुळावर आहे.
सुकुमार पावतीसाठी उभा, भाडं निघायचं होतं त्याचं.
मी बटण दाबलं. काटा थोडा अडखळला.
यंत्र उणे छापत नाही.
निव्वळच्या रकान्यात शून्य आलं,
ते मी खोडलं,
बाजूला बॉलपेननं नऊशे तीस लिहिलं
आणि सही कुठं करायची ते शोधत बसलो.

दिनबानं कप पुढे केला.
या वेळी काही विचारलं नाही.